एकच फेरी, वर्षभर: बडोद्यात रोजचे फोटो कसे काढावेत

आमच्या बडोद्यात फोटो काढत नाहीत, पाडतात. गुजरातीत क्रियापदच ते, आणि चार पिढ्या दांडिया बाजारात गेल्यावर आमच्या मराठीतही ते मुरलंय. पुण्याची मावसबहीण ऐकते आणि दर वेळी विचारते, "पाडलास ना? मग उचल आता!" तर, फोटो पाडायला मी लागले निवृत्तीनंतर. बँकेतली नोकरी संपली आणि भाच्याने त्याचा जुना कॅमेरा माझ्या हातात दिला.

पहिलं वर्ष फुकट गेलं. कॅमेरा आहे म्हणजे कुठेतरी जायला हवं असं मनाने घेतलं होतं. पावागडला गेले, केवडियाला गेले, लक्ष्मीविलास पॅलेससमोर उभी राहिले. घरी येऊन पाहिलं तर सगळे फोटो कॅलेंडरवर असतात तसेच, फक्त थोडे वाकडे. मग गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलं डॉक्टरांनी. कंटाळा येऊ नये म्हणून कॅमेरा पिशवीत टाकायला लागले, आणि खरे फोटो तिथून पुढे मिळाले. रोज तोच रस्ता, तीच माणसं. म्हणून या लेखातला सगळा खटाटोप एका गोष्टीभोवती आहे: एक फेरी ठरवायची आणि वर्षभर तीच करायची.

फेरी कशी ठरवायची

घरातून निघून पाऊण ते एक तासात घरी परत येता येईल इतकीच ठेवा. माझी तीनेक किलोमीटर भरते: दांडिया बाजारातून सूरसागर तळ्याची पाळ, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजातून आत मांडवीच्या जुन्या मंडपापर्यंत, मग खंडेराव मार्केट आणि राजमहाल रोडने परत. तुमची मांजलपुरातल्या सोसायटीभोवती असेल किंवा कारेलीबागेतल्या भाजीवाल्यांपासून शाळेच्या फाटकापर्यंत. चालेल. फक्त तीत तीन गोष्टी असाव्यात: थोडं पाणी किंवा झाडी, थोडी माणसांची वर्दळ आणि एखादी जुनी भिंत किंवा इमारत. पहिलं ऋतू दाखवतं, दुसरी रोज बदलते, तिसरी उजेड झेलते.

पहिले आठ दिवस कॅमेरा बाहेर काढूच नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण या आठ दिवसांत एक छोटी वही ठेवा आणि तीत वेळा लिहा. न्यायमंदिराच्या कमानींवर ऊन किती वाजता चढतं, कोणत्या ओट्यावर आजोबा पेपर वाचतात, दूधवाला किती वाजता येतो, कुठल्या तारेवर कोतवाल पक्षी बसतो. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: "७.५०, चहाच्या टपरीची वाफ, उन्हाची तिरीप मागून, फक्त ५-७ मिनिटं." त्या एका ओळीवर मी पुढे तीन हिवाळे फोटो काढलेत.

हातात काय हवं

फोन पुरतो. हे समाधानासाठी म्हणत नाही. सुरुवातीचं वर्ष फोनवरच करा, कारण चुका उजेडाच्या आणि उभं राहण्याच्या असतात, त्या महागड्या कॅमेऱ्यानेही होतात.

फोनमध्ये एवढंच करा. भिंग रोज पुसा, पण पदराने नाही, चष्म्याच्या मऊ फडक्याने. संध्याकाळचे दिवे फोटोत पिंजलेल्या कापसासारखे पसरतात ना, त्यातले निम्मे बोटांच्या तेलामुळे. सेटिंगमध्ये जाऊन चौकटीच्या उभ्या-आडव्या रेघा चालू करा; सूरसागरची पाळ वाकडी येणं बंद होईल. फ्लॅश बंद ठेवा. दोन बोटं ताणून झूम करू नका: फोनच्या वेगळ्या झूम-भिंगाची मर्यादा ओलांडली की पुढे तो फोटो नुसता कापून मोठा करतो. पाय आहेत, दोन पावलं पुढे जा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पडद्यावर ज्या जागेवर बोट टेकवाल तिथला उजेड फोन मोजतो. बोट दाबून ठेवलंत की बहुतेक फोनांत ती मोजणी कुलूपबंद होते आणि शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते खाली ओढलं की फोटो गडद, वर ओढलं की उजळ. ही एक हालचाल हाताला बसली की निम्मं काम झालं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर जुना घ्या आणि त्यावर ५० मिलीमीटरची एफ १.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, लेन्स लावा. हलकी, स्वस्त आणि कमी उजेडात उपयोगी. पक्ष्यांसाठी ३०० मिलीमीटरपर्यंतची लेन्स लागते, पण ती दुसऱ्या वर्षी. जुनी लेन्स घेताना तिच्यातून दिव्याकडे बघा: आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. आपल्या पावसाळ्यात वाढलेली बुरशी काचेवरचा लेप खाते.

उजेड: इथे वेळ घालवा

बडोदं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. भूगोलाच्या पुस्तकातली ही गोष्ट फोटो काढणाऱ्याच्या फार कामाची. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणजे ऊन दिवसभर तिरपं. भिंतीचा पोपडा, लाकडी खांबावरचं कोरीवकाम, माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, सगळं उठून दिसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुम्ही दिवसभर फिरलात तरी चालेल. जूनमध्ये उलट: सूर्य डोक्यावर, डोळ्यांच्या खाचांत काळं, टकलावर पांढरं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या थोडं पुढे उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो. जूनमधला मी गच्चीवर पितळी तांब्या ठेवून टिपला होता. तांब्या हवेत तरंगल्यासारखा दिसतो. ह्यांनी विचारलं, एवढ्या उन्हात तांब्याचा काय फोटो! त्यांना अजून पटलेला नाही.

वेळांचं गणित असं. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो आणि मावळायला साडेसात वाजत येतात. उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा पाऊण तास सोनेरी. मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश गडद निळं होतं आणि दुकानांचे दिवे लागलेले असतात. मांडवीचा फोटो तेव्हा काढावा, पूर्ण अंधार पडल्यावर नाही. अंधारात दिवे तेवढे दिसतात, मांडवी दिसत नाही.

आता कॅमेऱ्याचा एक स्वभावदोष. समोर काहीही असलं तरी ते मध्यम राखाडी आहे असं धरून तो उजेड ठरवतो. त्यामुळे पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा चौकटभर घेतलेत तर सदरा मळकट येतो, आणि काळी म्हैस घेतलीत तर ती राखाडी, धूळ माखल्यासारखी. उपाय सरळ: पांढऱ्यासाठी उजेड वाढवा, काळ्यासाठी कमी करा. कॅमेऱ्यावर अधिक-उणेचं बटण असतं, त्यावर पाऊण ते एक घर. फोनवर ते सूर्याचं चिन्ह.

याची परीक्षा द्यायची असेल तर सूरसागरवर जा. तळ्याच्या मधोमध १११ फुटी शंकर उभे आहेत आणि २०२३ पासून अंगावर सोनं आहे. दहाच्या उन्हात फोटो काढलात तर कॅमेरा भोवतालचं गडद पाणी आणि झाडी बघून उजेड वाढवतो, आणि सोन्याचा होतो पिवळा पांढरा डाग, ना डोळे ना जटा. बोट थेट मूर्तीवर ठेवा, उजेड कमी करा, इतका की झाडी जवळजवळ काळी होईल. तेव्हा सोनं सोन्यासारखं दिसतं. माझा तिथला सगळ्यात चांगला फोटो मात्र मूर्तीचा नाहीच. जानेवारीच्या धुक्यात पाण्यावर नुसती पिवळट छाया आहे आणि पाळीवर एक गृहस्थ कानटोपी घालून कबुतरांना दाणे टाकताहेत.

सावलीचंही सांगते. चेहऱ्यांसाठी उघड्या उन्हापेक्षा सावलीची कड बरी. पोळीतल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, ओट्यावर माणूस बसलाय, समोरच्या पिवळ्या भिंतीवर ऊन पडलंय, आणि भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतोय: याहून चांगला दिवा कुठल्याच स्टुडिओत नाही. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या सकाळी नऊ ते अकरा या बाबतीत श्रीमंत असतात.

बारा फोटोंचा नियम

होमाई व्यारावाला १९७३ साली बडोद्यात राहायला आल्या आणि २०१२ साली निधन होईपर्यंत इथेच राहिल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत त्यांनी टिपलं. इथे येण्याआधीच त्यांनी कॅमेरा खाली ठेवला होता. आपल्या गावात इतकी वर्षं त्या होत्या आणि आपल्याला पत्ता नव्हता, याची मला अजून चुटपुट लागते.

त्या वापरत त्यातला एक कॅमेरा रोलीफ्लेक्स. त्याच्या एका रोलवर बारा फोटो निघत. बारा झाले की रोल बदला, म्हणजे तोवर समोरची गंमत गेली. मी तो आकडा उसना घेतला: एका फेरीत फक्त बारा फोटो. एकाच चहावाल्याचे चाळीस काढायचे आणि घरी निवडू म्हणायचं, ही सवय सुटायला याहून चांगलं औषध मला माहीत नाही. पहिल्या दिवशी माझे बारा फोटो न्यायमंदिरापर्यंतच संपले आणि मांडवीला एका बोकडाने हातगाडीवरची कोथिंबीर ओढली ती मी हात चोळत बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून चार फोटो राखून ठेवायला शिकले. नियम मोडायची मुभा फक्त पक्षी आणि लहान मुलं यांच्यासाठी. ती दोघंही कुणाचं ऐकत नाहीत.

बारातला प्रत्येक फोटो काढण्याआधी चौकटीच्या चारी कडांवर एकदा नजर फिरवा. मधलं आपण बघतोच. घात कडांवर होतो. अर्धा स्कूटर, कुणाचं कोपर, विजेच्या खांबावरची क्लासची जाहिरात. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की बहुतेक वेळा सुटतं. आणि खाली बसा. आपण सगळे जगाकडे पाच-सव्वापाच फुटांवरून बघतो. भाजीवाली जमिनीवर बसलेली असताना उभ्याने काढलेला फोटो म्हणजे तिच्या भांगाचा फोटो.

खंडेराव मार्केटमधली एक सकाळ

१९०६ साली बांधलेली ही इमारत बाहेरून देखणी आहे, पण फोटो तिच्या पायाशी आहेत, भाजी आणि फुलांत. इथे मी सर्वांत जास्त चुकले, म्हणून हे जरा सविस्तर.

एक मावशी झेंडूच्या माळा ओवतात. हात इतके सराईत की बघत राहावं: डाव्या हाताच्या तीन बोटांत फुलं, उजव्यात लांब सुई, नजर गिऱ्हाइकावर. मी महिनाभर त्यांचे फोटो काढले आणि प्रत्येकात झेंडू मेल्यासारखा येई. रंग मळका, त्वचा आजारी. लेन्सला दोष दिला, फोकसला दिला. मग एक दिवस वर बघितलं. डोक्यावर निळी ताडपत्री. त्यातून गाळून येणारा उजेडच निळा, आणि निळ्या उजेडात पिवळा-केशरी मरतो. मोगऱ्याकडे नीट पाहिलं तर तोही निळसर दिसत होता. डोळा आपली समजूत घालतो, कॅमेरा घालत नाही.

असं झालं तर तीन गोष्टी करता येतात. ताडपत्रीची कड शोधा. कडेला बाहेरचा स्वच्छ उजेड आत शिरतो, तिथवर फुलांची टोपली येते का बघा. नाहीतर कॅमेऱ्यात पांढऱ्याचा समतोल हाताने बसवा: समोर मोगरा किंवा पांढरा कागद धरून त्यालाच पांढरं मान असं कॅमेऱ्याला सांगता येतं. तेही नाही तर फोटो कृष्णधवल करा आणि हातांवर लक्ष द्या. मी पहिला मार्ग घेतला. मावशींनीच टोपली वीतभर पुढे ओढली, "अहीं अजवाळुं सारुं छे" म्हणाल्या. इथे उजेड चांगला आहे. हे मला एका महिन्याने कळलं, त्या तिथे रोज बसतात.

टोपली ओढली कारण तोवर ओळख झाली होती. अनोळखी माणसाचा फोटो कसा काढायचा हे सगळेच विचारतात. माझी पद्धत: आधी काहीतरी विकत घ्या. पाच रुपयांची कोथिंबीर घेतलीत तरी तुम्ही गिऱ्हाईक होता, प्रेक्षक राहत नाही. मग कॅमेरा दाखवून, "बेन, एक फोटो पाडुं?" असं विचारा. नाही म्हणाल्या तर हसून पुढे जा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी घ्या. हो म्हणाल्या तर पहिले दोन फोटो ताठ बसून येतात, ते येऊ द्या. कॅमेरा खाली करा, भाव विचारा, गप्पा मारा. पुन्हा कामाला लागल्या की तिसरा काढा. काढलेला लगेच दाखवा. मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही, आणि विचारून काढला तरी कुठे टाकायचा नाही. आजारी, झोपलेला, भीक मागणारा माणूस: मी काढत नाही. कुणी याला कला म्हणतात, म्हणोत.

माणसं चालती असतील तर शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवा, थांबलेली असतील तर १/१२५ पुरे. सायकलवाला पुसट नको पण मागची दुकानं वेगाने पळाल्यासारखी हवीत असं वाटत असेल तर १/३० वर या आणि तो जसा जातो तसा कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा, बटण दाबल्यावरही फिरवत राहा. वीसात एक साधतो. हा प्रकार बारांच्या नियमात बसत नाही हे मान्य.

रविवारी कमाटीबाग

सरकारी नाव सयाजीबाग, १८७९ सालची. आमच्या घरात आजीपासून कमाटीबागच. काळ्या घोड्याच्या फाटकातून सकाळी उघडताच आत शिरा, कारण नऊनंतर सहली येतात.

पक्ष्यांची सुरुवात वेड्या राघूपासून करा. चिमणीएवढा, हिरवा, शेपटीतून एक बारीक काडी निघालेली. याची एक सवय आपल्या फायद्याची: एका फांदीवरून किंवा तारेवरून उडतो, हवेत माशी धरतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. मग ती माशी फांदीवर आपटून आपटून मारतो. त्यामुळे त्याच्या मागे धावायचं नाही. तो उडाला की रिकाम्या फांदीवर फोकस करून ठेवा आणि थांबा. बसलेल्यासाठी १/५००, उडतानाचा हवा तर १/१६०० किंवा जास्त, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. फोटो थोडा रवाळ आला तरी चालतो, हललेला चालत नाही. सूर्य आपल्या पाठीशी हवा, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यात ठिणगी येते. डोळा धारदार नसेल तर तो फोटो ठेवू नका, मग पिसं कितीही सुंदर असोत.

फोनवाल्यांनी पक्ष्यांचा नाद सोडून झाडं धरावीत. वडाच्या पारंब्यांतून सकाळी धुरकट उन्हाचे पट्टे येतात, मार्चात पळस, म्हणजे इथला केसुडा, मेमध्ये बहावा आणि गुलमोहर. पिवळा बहावा निळ्या आकाशावर सगळेच काढतात. त्याच्या खाली पडलेला सडा, आणि त्यावरून गेलेल्या सायकलीची एकच रेघ, हे बघा.

बागेतून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, पुष्कळ. हिवाळ्यात दहा-अकराच्या उन्हाला त्या काठावर जबडा उघडून पडतात. फोटो पुलावरूनच काढायचा, काठाला उतरून नाही. मगर स्थिर दिसते म्हणून ती संथ असते असं नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांत शिरल्या होत्या. तेव्हा गुडघाभर पाण्यात फोनवर चित्रण करत उभी असलेली माणसं बघून माझ्या पोटात गोळा आला होता.

पक्ष्यांचं वेड लागलंच तर डिसेंबर-जानेवारीत डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जा. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हजारो पाहुणे येतात: पट्टकादंब, चक्रवाक, आणि काळ्या अंगावर पांढरं गंध लावलेले वारकरी. हो, त्या पक्ष्याचं मराठी नाव वारकरीच. पहाटे पोचा, कपडे मातकट घाला आणि थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका. एकदा सगळे उडाले की तुमचाही दिवस गेला, शेजाऱ्याचाही.

सणवार, थोडक्यात

उत्तरायणाला सगळे पतंगांचे ठिपके काढतात. त्यापेक्षा गच्चीवर पतंग हातात धरलेला पोरगा घ्या, पतंगामागे सूर्य येईल असा. कागद आतून पेटल्यासारखा दिसतो. जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यातून मात्र थेट सूर्याकडे डोळा लावू नका, डोळ्याला इजा होते. आणि दुचाकीवर निघताना गळ्याभोवती जाड ओढणी, मांजा कुणाला ओळखत नाही.

कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. गर्दीत पालखीच्या मागे लागू नका. वरघोडा पुढे यायच्या आधी एखादा ओटा धरा आणि खिडक्यांतून फुलं टाकणारे हात काढा. गरब्यात वरून, कठड्यावर कॅमेरा टेकवून १/१५ वर काढलं की फेर चक्रासारखा फिरलेला येतो. जवळून अनोळखी मुलींचे चेहरे काढू नका. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघाच, पण आत फोटो चालतो का ते दारावर विचारून. ईएमई मंदिर लष्करी हद्दीत आहे, तिथेही आधी पहाऱ्यावर विचारा.

पावसाळ्यात कॅमेरा

एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढलात तर भिंगावर धुकं बसतं. पुसत बसू नका. पिशवीतच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या हवेशी जुळला की आपोआप जातं. छत्रीऐवजी प्लॅस्टिकची पिशवी, तिला लेन्सपुरतं भोक आणि रबर बँड. घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. कपाटातल्या चामड्याच्या केसमध्ये कधीही नाही. बाबांचा कॅमेरा तसाच गेला.

आणि पाऊस थांबल्यावर लगेच बाहेर पडा. लहेरीपुरा दरवाजासमोरच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात अख्खा दरवाजा उलटा मावतो. फोन उलटा धरा, म्हणजे भिंग पाण्याच्या बोटभर वर येतं.

घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी निवडायला बसू नका. काढतानाचा आनंद फोटोत दिसायला लागतो आणि साधा फोटोही थोर वाटतो. मी रविवारी दुपारी आठवड्याचे ऐंशी-पंच्याऐंशी समोर घेते आणि पाच ठेवते. बाकीचे पुसते. हात कापतो, पण पुसते.

सुधारणा दोन मिनिटांत संपायला हवी. क्रम असा: क्षितिज सरळ, कडा छाटणं, उजेड, मग पांढऱ्याचा समतोल, आणि शेवटी रंग, तोही नखभर. गुलमोहर मुळात लाल आहे, त्याला आणखी लाल करायची गरज नाही. कॅमेऱ्यात रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न झालेला कच्चा फोटो, ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा, निळ्या ताडपत्रीसारख्या चुका नंतर बऱ्याच सुधारता येतात.

साठवण तीन ठिकाणी: फोन किंवा संगणक, एक वेगळी हार्ड डिस्क, आणि एक प्रत घराबाहेर, ऑनलाइन किंवा मुलीच्या घरी. माझा फोन एकदा बादलीत पडला आणि दोन वर्षांच्या फेऱ्या गेल्या. चहाच्या टपरीची ती वाफही. फोल्डरला नाव देताना वर्ष-महिना आधी आणि जागा नंतर, म्हणजे पुढच्या जानेवारीत मागचा जानेवारी शेजारी ठेवून बघता येतो. एकाच जागेची चार वर्षं अशी एका ओळीत लावली की कुठलं झाड गेलं, कुठला ओटा तुटला, कुणाचे केस पिकले, सगळं दिसतं.

आणि छापा. महिन्याला दोन-तीन तरी, चार बाय सहाचे, मॅट कागदावर. चकचकीतवर बोटांचे ठसे राहतात. पडदा स्वतःच प्रकाशतो, कागद नाही, म्हणून छापायला देताना फोटो थोडा उजळ करून द्या, नाहीतर काळवंडून येतो. एक प्रत वहीत चिकटवा, दुसरी ज्याचा फोटो त्याला.

झेंडूवाल्या मावशींना मी गेल्या दिवाळीत त्यांचा दिला. टोपली पुढे ओढलेला, हातात सुई, मागे पाटीवर खडूने लिहिलेला भाव. त्यांनी तो ताडपत्रीच्या बांबूला टाचणीने लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. परवा गेले तर हाक मारून म्हणाल्या, "बेन, आमां तो भाव जूनो छे. घराक एज भावे मागे छे. नवो पाडी आपो." यात भाव जुना आहे, गिऱ्हाईक त्याच भावाने मागतं, नवा काढून द्या.